जाड टाचेचं घराणं

३ फेब्रुवारी, मंगळवार
वजन १०७. गोळी घेतली. दुखणं दहापैकी सहा.

डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली ती फक्त या वरच्या एका ओळीसाठी. रोज सकाळचं वजन, कोलेस्टेरॉलची गोळी घेतली की नाही, आणि टाच किती दुखली. "महिन्याने येऊन दाखवा," म्हणाल्या. पण एका ओळीखाली एवढं मोठं पान रिकामं राहतं. सामान हलवणाऱ्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. टेम्पोत एक कोपरा उरला तरी आम्ही तिथे निदान बादली खोचतो. तेव्हा बाईंना रकाने वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही वही माझी.

तर टाच. टाच म्हणजे खरं तर तिच्या मागची ती जाड शीर, पोटरीतून खाली उतरते ती. डावी जास्त दुखते, उजवी तिला सोबत म्हणून. सकाळी उठलो की पहिली दहा पावलं भिंत धरून. मग शीर जरा सैल होते. गोदामात तासभर खुर्चीवर बसून उठलो की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. ज्याने जन्मभर लोकांची कपाटं चौथ्या-पाचव्या मजल्यावर चढवली, त्याला आता स्वतःचं पोट तिसऱ्यावर न्यायला दोनदा थांबावं लागतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
वजन १०७. गोळी घेतली. दुखणं सात.

हे सगळं हिच्यामुळे सुरू झालं. मी ठणठणीत होतो. वजन वाढलं होतं हे कबूल. ओझ्याचा पट्टा खांद्यावरून उतरवून खुर्चीत बसलो तेव्हापासून वीस किलो चढले. पण आजारी नव्हतो. गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ही चहाऐवजी पायात चपला घालून पुढ्यात उभी. "चला, रक्त तपासायचंय." का? "असंच." माझ्या बायकोने तेवीस वर्षांत 'असंच' कधी काही केलेलं नाही, ती भाजीवालीकडून कोथिंबीरसुद्धा असंच घेत नाही. कुठून खूळ शिरलं डोक्यात, देव जाणे. रिपोर्ट आला तर डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला आणि गोळी सुरू केली.

आज टेम्पोवाला भोंगा (याला हळू बोलताच येत नाही, म्हणून भोंगा) सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं म्हणाला, "टाच? अहो त्या गोळीनेच! माझ्या साडूची शीर अशीच धरली होती. गोळ्या फेकल्या, आठवड्यात पळायला लागला!" साडू कुठे पळाला ते विचारलं नाही. पण मनात पाल चुकचुकली. ऑगस्टच्या आधी टाच दुखत नव्हती. थोडी दुखत असेल. पण इतकी नाही.

उद्यापासून गोळी बंद. हिला सांगायचं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
वजन १०७. गोळी घेतली (असं लिहायचं). दुखणं सहा.

महिन्याचा दुसरा रविवार, म्हणून ही तिच्या मावशीकडे गेली. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत. मावशीची तब्येत नाजूक आहे. गेली नऊ वर्षं नाजूकच आहे. या वेळी तिच्यासाठी फळं नेली आणि बिनमिठाची बिस्किटं, शिवाय कंपासपेटी. मावशीला कंपासपेटी कशाला, म्हटलं, तर म्हणाली, "शेजारच्या मुलीला." भली बाई आहे ही, कुणाच्याही शेजारच्या मुलीला जपते.

घरात एकटा होतो. खाटेवर पालथा पडून आरशात स्वतःच्या टाचा बघितल्या. जाड आहेत. बोटभर रुंद नाहीत, चांगल्या दोन बोटं रुंद आहेत, आणि वर-खाली गाठाळ. हीच आमच्या घराण्याची टाच. बाबांची होती, आजोबांची होती म्हणतात. बाबा कामावर माणूस घेताना त्याचे दंड बघत नसत. "मागे फिर," म्हणत, आणि टाच दाबून बघत. "टाच बारीक तो माणूस शोभेचा," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लोकांच्या पोरांना मिसरूड फुटतं, तशी आमच्याकडे टाच भरते. विशी ओलांडली की कधीतरी ती शीर जाड व्हायला लागते, आणि ती झाली की तू पुरा माणूस झालास.

धाकट्या भावाची माझ्या आधी भरली. तो बावीस वर्षांचा, मी सत्तावीसचा, आणि माझी टाच अजून कुठल्याशा कारकुनासारखी. धाकट्याने पायरीवर पाय उंच करून मला दाखवली होती. "दादा, हात लावून बघ. दगड आहे दगड." मी हात लावला आणि म्हणालो, चांगली आहे. मनातून जळत होतो. पुढच्या वर्षी माझी भरली तेव्हा त्यानेच साऱ्या गोदामात पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली.

त्याचा विषय काढायचा नव्हता. टाचेवरून निघाला.

१४ फेब्रुवारी, शनिवार
वजन १०८. गोळी घेतली. दुखणं सहा.

आज एका घरी माणसं कमी पडली म्हणून मी जाऊन जिन्याखाली उभा राहिलो, नुसता लक्ष ठेवायला. आमची दोन नवी माणसं तीन दारांचं कपाट चढवत होती. वरचा मुका. खालचा चाचपडत पाय टाकतोय आणि शिव्या देतोय. बघवेना.

जिन्याचं काम दोघांचं असतं. एक वर, एक खाली. ओझं खालच्यावर येतं आणि खालच्याला दिसत काहीच नाही; नाकासमोर कपाटाचं बूड. दिसतं ते वरच्याला. म्हणून वरच्याने उरलेल्या पायऱ्या मोजायच्या, मोठ्याने, उलट्या. नऊ, आठ, सात. वळण आलं तर वळण म्हणायचं. आणि शेवटची पायरी संपली की म्हणायचं, "सपाट." तो शब्द ऐकल्याशिवाय खालच्याने गुडघा ढिला करायचा नाही. ही पद्धत बाबांची. बाबा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, खालची जागा माझ्याकडे आली. दोन वर्षांनी धाकटा सोळाचा झाला आणि वर उभा राहिला. एकवीस वर्षं मी त्याच्या आवाजावर पाय टाकला. वरून आवाज येणार, मी पाय टाकणार. त्याचा आवाज फार मोठा नव्हता, पण कपाटाच्या लाकडातून आरपार यायचा. काही वेळा तर लाकडाला कान लागलेला असायचा आणि आकडा आधी गालाला कळायचा.

आज त्या मुक्याला मी खालून ओरडलो, "अरे मोज की!" तो म्हणाला, "काय मोजू?" मी परत येऊन खुर्चीत बसलो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
वजन १०८. गोळी घेतली. दुखणं सहा.

गोळी मी रोज हिच्यासमोर तोंडात टाकतो, पाणी पितो आणि खिडकीशी जाऊन हळूच कुंडीत सोडतो. पंधरा दिवस झाले. कुंडीतल्या रोपाचं कोलेस्टेरॉल एव्हाना उत्तम झालं असेल. माझी टाच मात्र होती तिथेच आहे. भोंग्याला विचारलं, साडू आठवड्यात पळायला लागला होता ना? तर म्हणतो, "प्रत्येकाची प्रकृती वेगळी!"

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
वजन १०८. गोळी घेतली. दुखणं सात.

लिहायचंच आहे तर लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

नऊ वर्षांपूर्वी. आरशाचं कपाट, तिसरा मजला, अरुंद जिना. घरमालकीण वर दारात, तिचे दोन पाहुणे मागे. धाकटा मोजत होता. सात. सहा. पाच. चार. आणि पुढे काही नाही. मी पाय उचललेला. तीन येणार म्हणून वाट बघतोय, आणि तीनच्या जागी सगळं कपाट माझ्यावर आलं. मी भिंतीला खांदा लावून कसंबसं अडवलं. आरसा फुटला, माझा खांदा निखळला. कपाट कडेला टेकवून वर बघतो तर हा पायरीवर बसलेला. घामाने निथळत, एक हात छातीवर. म्हणतो, "दादा, छातीवर कपाट ठेवल्यासारखं वाटतंय. थोडं थांब."

मी म्हणालो, "कपाट माझ्या अंगावर, आणि ओझं तुला?"

पाहुणे हसले. तिथे थांबलो असतो तर बरं होतं. पण आदल्या संध्याकाळीच त्याने मला सांगितलं होतं की त्याला हे काम सोडायचंय, मुलगी चार वर्षांची झाली, दुसऱ्या गावी बसून करायचं काम मिळतंय. माझ्या डोक्यात तेच होतं. मी म्हणालो, "काम सोडायचं तर सोड. बाबांच्या मरणाचं सोंग आणू नकोस."

कारण बाबा असेच जिन्यावर गेले होते. कपाटाने नेलं त्यांना. तेही आम्हा दोघांसमोर.

धाकटा उठला, भिंत धरून जिना उतरला. महिनाभरात बिऱ्हाड हलवलं. सामान हलवायला दुसऱ्यांची माणसं बोलावली. आता कुठेतरी कुलपं-किल्ल्यांच्या दुकानात बसतो असं उडत उडत कानावर आलं. बसला असेल आरामात.

मी त्याला हाक मारली नाही, त्याने मला मारली नाही. पण एक गोष्ट आहे, ती कुणाला सांगितलेली नाही. आजही जिना चढताना शेवटच्या चार पायऱ्या आल्या की मी थांबतो. ही समजते दम लागला. दम लागलेला असतोच. पण मी तीनची वाट बघत असतो.

डोक्यातून गेलं नाही.

४ मार्च, बुधवार
वजन १०८. दुखणं सात. गोळीचं खाली लिहितो.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ही बरोबर. मी नीटनेटका उतरवलेला कागद पुढे केला. बाईंनी तो बघितला, मग रक्ताचा नवा रिपोर्ट बघितला, मग मला. "रोज घेतलीत गोळी?"

"रोज."

हिने पर्समधून कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. आत मातीने भरलेल्या गोळ्या, अर्धवट विरघळलेल्या. "कुंडीत खत घालायला गेले तर हे निघालं," म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला वाटलं बाई आता फाडून खातील. त्या नुसत्या म्हणाल्या, "का बंद केलीत?" मी भोंग्याचा साडू सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. या गोळ्यांनी काही लोकांचे स्नायू दुखतात. कधीमधी शिरेचीही तक्रार येते, पण ती गोळीमुळेच हे अजून कुणाला छातीठोक सांगता आलेलं नाही. तुम्ही मला सांगायचं होतं, आपण मिळून ठरवलं असतं. वजनाचं मात्र नक्की. जिना चढताना तुमच्या अंगाच्या कितीतरी पट ओझं त्या एका शिरेवर येतं. झोपा बघू पालथे."

मी पालथा. बाईंनी शीर दोन बोटांत धरली आणि वरपासून खालपर्यंत दाबत आल्या. बाबा दाबायचे तशीच.

"हे जाड, गाठींसारखं कधीपासून आहे?"

मी जरा अभिमानानेच सांगितलं, "ती आमच्या घराण्याची टाच आहे. तेवीस-चोवीस वर्षं झाली."

"गोळी सहा महिन्यांची आहे," बाई म्हणाल्या. "टाच चोवीस वर्षांची."

मग खुर्ची ओढून समोर बसल्या आणि समजावून सांगितलं. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं. जाड माणसालाही आणि काडीपैलवानालाही. रक्तात मावत नाही ते साठत जातं. कुणाच्या पापणीवर, कुणाच्या टाचेमागच्या शिरेत, आणि सगळ्यांच्या हृदयाच्या नळ्यांत. म्हणजे ज्याला आम्ही टाच भरली म्हणायचो ते हे भरत होतं. जी गोळी मी कुंडीत टाकत होतो तीच ते हळूहळू कमी करणारी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

"वडील आहेत?"

"चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. कपाटाने."

"अंगावर पडलं?"

"नाही. व्यवस्थित खाली ठेवलं होतं. त्याला टेकून बसले. मला म्हणाले, पाणी आण."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊ-बहीण?"

"एक भाऊ आहे. संबंध नाहीत."

"रक्ताला ते माहीत नसतं. त्याला कळवा. त्याच्या मुलांनाही तपासायला सांगा. उशीर करू नका." मी मान हलवली. हिने तेवढ्यात पर्स तीनदा उघडली आणि तीनदा बंद केली.

गोळी: घेतली. ही समोर उभी राहिली, आणि नंतर आ करायला लावला.

७ मार्च, शनिवार
वजन १०७. गोळी घेतली. दुखणं सहा.

सोनोग्राफी झाली. बाई म्हणाल्या तेच निघालं. उंबऱ्यावर पावलाचा पुढचा भाग टेकून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम दिलाय, आणि वजन उतरवायचंय. ते करीन.

पण आज काय झालं ते लिहितो. दुपारी गोदामात एक जुनं कपाट आलं, आरसा नसलेलं. मी उगाच त्याच्या बुडाला हात लावून उभा राहिलो. बाईंचं बोलणं डोक्यात घोळत होतं. बाबांना कपाटाने नेलं नाही, हृदयाने नेलं. बत्तीस वर्षं मी कपाटांवर राग धरून कपाटंच उचलली. हे पचवतोय तोवर दुसरं आलं, मागून आल्यासारखं. छातीवर कपाट ठेवल्यासारखं वाटतंय. थोडं थांब.

धाकट्याची टाच माझ्या आधी भरली होती. वयाने सहा वर्षं आधी.

तो खरं बोलत होता. सोंग नव्हतं. पायरीवर बसून तो मरत होता किंवा मरता मरता राहिला, आणि मी वर बघून त्याची टिंगल केली, परक्या माणसांसमोर. आणि तशा छातीने तो एकटा तीन मजले उतरून गेला.

खाली बसलो. भोंगा धावत आला आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला, "काय झालं, साहेब?" मी म्हणालो, टाच.

घरी आलो आणि हिला सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलो, हे लिहायला लाज नाही. म्हणालो, तो शेहेचाळीसचा झाला. बाबा चव्वेचाळीसला गेले. तो आहे की नाही हे तरी मला कुठे माहीत आहे? मेला असेल तर आपल्याला कोण कळवणार होतं?

"आहे तो," ही म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"आहे म्हणते ना." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. धीर द्यायला माणसं काहीही बोलतात. तरी बरं वाटलं.

८ मार्च, रविवार
वजन १०७. गोळी घेतली. दुखणं सहा.

पहाटेपासून पत्र लिहितोय. पहिलं लिहिलं ते नोटिशीसारखं झालं: कळविण्यात येते की आपल्या टाचेची तपासणी करून घ्यावी. फाडलं. दुसऱ्यात नुसती माफी, टाच राहूनच गेली. फाडलं. तिसऱ्यात मी नऊ वर्षांपूर्वी माझाही खांदा निखळला होता हे आणलं. ते सगळ्यात बारीक फाडलं.

शेवटचं असं:

"धाकट्या, आपली टाच ही मर्दुमकी नाही, आजार आहे. कोलेस्टेरॉल. बाबा त्यानेच गेले. तू आजच्या आज रक्त तपासून घे, छोकरीचंही घे, चालढकल करू नकोस. त्या दिवशी तू सोंग करत नव्हतास. कपाटामागे मी नेहमीच आंधळा असायचो, तुझ्या आवाजावर चालायचो. त्या दिवशी कपाट खाली ठेवल्यावर तुझ्याकडे बघितलं आणि तरीही मला दिसलं नाही. जमलं तर क्षमा कर. नाही जमलं तरी रक्त तपास. दादा."

ही मावशीकडे निघतच होती. म्हणाली, "द्या, मी टाकते." मी म्हणालो, पत्ता शोधावा लागेल. तिने लिफाफा घेतला आणि उभ्या उभ्या पत्ता लिहिला, घर नंबर, गल्ली, सगळं. एकदा कुठेतरी ऐकलेलं असेल. बाईची स्मरणशक्ती जबर आहे.

१५ मार्च, रविवार
वजन १०६. गोळी घेतली. दुखणं पाच.

आठवडा झाला. पोस्टमनची वाट बघत खिडकीत उभा राहतो. उंबऱ्यावरचा व्यायाम करताना मोजावं लागतं, पंधरा वेळा. मी उलटं मोजतो. चारपर्यंत मोठ्याने, पुढचं मनातल्या मनात.

छोकरी आता तेरा वर्षांची असेल. लहान असताना आणलेल्या प्रत्येक कपाटात शिरून बसायची आणि आतून "काका, हलवा" म्हणून ओरडायची. आम्हाला मूल नाही. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, कारण घरात ती होती. धाकटा गेला तेव्हा त्याच्याबरोबर तीही गेली, हा हिशोब मी रागाच्या भरात केलाच नव्हता.

१९ मार्च, गुरुवार
वजन १०६. गोळी घेतली. दुखणं किती ते बघितलं नाही.

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कागद हरवला तर.

"दादा, टाचेचं मला माहीत होतं. गेल्या जुलैत झटका आला. दुकानातच. हृदयाच्या नळ्यांत दोन जाळ्या बसवल्यात. इथल्या डॉक्टरांनी मोजे काढायला लावले आणि टाच बघून बाबांबद्दल विचारलं. घरी आल्यावर मी पहिलं वहिनीला सांगितलं की दादाचं रक्त तपासून घे, कारण काहीही दे, माझं नाव सांगू नकोस. माझं नाव घेतलंस तर तो म्हणेल सोंग आहे आणि जाणार नाही. छोकरीचंही तपासलं. रक्त आपलंच निघालं. तिची गोळी सुरू आहे. तिची टाच अजून कोवळी आहे आणि वेळेवर सुरू केल्याने तशीच राहील म्हणतात. तेव्हा तुझ्या पत्रातलं टाचेचं सगळं मला आधीच माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. ते मी पुन्हा पुन्हा वाचतोय. वहिनीने दिलेली कंपासपेटी छोकरीला आवडली."

मी पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही पोळ्या लाटत होती.

"मावशी कशी आहे?" मी विचारलं.

हिचं लाटणं थांबलं. "मावशी जाऊन अकरा वर्षं झाली," म्हणाली. "तुम्ही आला होतात की तिच्या अंत्ययात्रेला."

आलो होतो! खांदाही दिला होता. नऊ वर्षं दर महिन्याला ही एका मेलेल्या मावशीला फळं नेतेय, आणि मी तिच्या तब्येतीची चौकशी करतोय. मला हसू यायला लागलं आणि ते आवरेना, मग हिलाही आवरेना, आणि मग दोघांचंही हसू राहिलं नाही. ही म्हणाली, "शपथ घातली होती त्याने. तुम्ही गोळ्या कुंडीत टाकत होतात ते कळलं तेव्हा मोडणारच होते. पण आधी बाईंकडे नेऊन बघू म्हटलं." मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पोळी भाजायला घेतली आणि करपवली.

म्हणजे तो जुलैपासून मोजत होता. वरून, माझ्या नकळत. आणि मी पाय टाकत होतो, कुणाच्या आवाजावर ते न कळता.

मी उलट टपाली एकच ओळ लिहिली: ये.

१ एप्रिल, बुधवार
वजन १०५. गोळी घेतली. दुखणं चार.

रविवारी येतोय. हिने घर घासून काढलं. मी जिना झाडला, तिन्ही मजले. शेजारी विचारतात काय आहे? काय सांगणार? म्हणालो, पाय मोकळे करतोय.

पायऱ्या मोजल्या. खालपासून दारापर्यंत बावन्न. मधे मधे ठेवायला दोन स्टुलं काढलीत. त्याला तीन मजले चढवणं बरं का, हे बाईंना फोन करून विचारलं. म्हणाल्या, त्याच्या डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर हळूहळू चढू द्या, थांबत थांबत. "आणि तुम्हीही," म्हणाल्या.

५ एप्रिल, रविवार
वजन १०५. गोळी घेतली. दुखणं खाली येईल त्यात.

खाली उतरून फाटकाशी उभा राहिलो होतो तासभर आधीच. रिक्षातून आधी छोकरी उतरली. उंच झालीय. "काका?" म्हणाली, विचारल्यासारखं. मग तो उतरला. बारीक झालाय, केस पिकलेत. बाबा म्हातारे झाले असते तर असे दिसले असते. मी बोलायला काय काय ठरवलं होतं ते सगळं गेलं. त्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे कपाट कधी घेतलंस?"

मी त्याला मिठी मारली. घट्ट मारायला भ्यायलो, आत जाळ्या आहेत म्हणून.

जिन्याशी आल्यावर म्हणालो, "तू पुढे हो." तो म्हणाला, "मला भराभर जमत नाही." म्हटलं, "मला तरी कुठे जमतंय?" छोकरी पिशव्या घेऊन वर पळाली. तो पुढे, मी मागे, दोन पायऱ्या सोडून. आमच्या हातात काही नव्हतं. तरी माझे हात जरा पुढेच होते. पहिल्या मजल्यावर तो स्टुलावर बसला, दुसऱ्यावर मी बसलो. टाच ठणकत होती, सहा असेल. बोलणं काही विशेष नाही. गाडीला गर्दी होती का. होती.

शेवटच्या वळणावर, मागे न बघता, तो म्हणाला, "अकरा."

मी पाय टाकला.

"दहा. नऊ." आवाज खाली आलाय, जरा घोगरा झालाय. "आठ. सात." मी मान खाली घातली होती. बघायची गरज नव्हती. "सहा. पाच. चार."

आणि थांबला. एक हात कठड्यावर. माझा पाय उचललेला तसाच. म्हणालो, "काय झालं? छाती?"

"नाही रे." त्याने मागे वळून बघितलं. डोळे भरले होते. "तू खाली आहेस ना, तेवढं बघितलं."

"आहे," मी म्हणालो. "मोज."

"तीन," तो म्हणाला. "दोन. एक."

वर दार उघडं होतं. ही आणि छोकरी दारात उभ्या. तो उंबऱ्याशी पोचला, बाजूला झाला, मला जागा केली.

"सपाट."

मी पाय टाकला.